शिदोरी किती बांधायची?

टिटवीची अंडी शोधायला नजर तयार व्हावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत नांगरून ठेवलेल्या शेतात, मुरमाड माळावर, रुळांलगतच्या खडीत, हल्ली तर सपाट गच्चीवरही ती सापडतात. घरटं म्हणावं असं काही नसतंच. छातीने आणि पायांनी केलेली उथळ खळगी, तिच्याभोवती चार खडे किंवा वाळक्या लेंड्या, आणि मधोमध चार अंडी. निमुळती टोकं आत वळवलेली, मातकट रंगावर काळपट डाग. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, खोलगटात घातली तर पावसाची ओढ, असा अंदाज गावोगावी आजही बांधला जातो. पावसाचं टिटवीला कितपत कळतं यावर पैज लावायची माझी तयारी नाही. पण त्या अंड्यांचा आकार मात्र बघण्यासारखा आहे.

शेजारी पारव्याचं अंडं ठेवून पाहा. पारवा अंगाने टिटवीपेक्षा बराच भरलेला, वजनाला साधारण दीडपट. तरी दोघांची अंडी जवळपास सारखीच, टिटवीचं झालंच तर किंचित मोठं. शिवाय पारव्याची मादी घालते दोन, टिटवी घालते चार. अंगापिंडाने लहान असलेली टिटवी अंड्यांवर एवढा खर्च का करते?

याचं उत्तर अंडं फुटल्यावर मिळतं. पारव्याचं पिल्लू १७ ते १९ दिवसांत बाहेर येतं तेव्हा आंधळं असतं, अंगावर तुरळक पिवळट लव असते आणि त्याला मानही धड सावरता येत नाही. पुढचे काही दिवस आईबाप गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं घट्ट पांढरं अन्न त्याच्या घशात ओततात. टिटवीचं पिल्लू २८ ते ३० दिवस आत राहतं. बाहेर येताना त्याचे डोळे उघडे असतात आणि अंगावर दाट पिसोळी असते. ते काही तासांत चालू लागतं आणि किडे स्वतःच टिपतं. टिटवी पिल्लांना भरवत नाही. राखते, ऊब देते आणि धोका दिसला की आरडाओरडा करते. पारव्याच्या पिल्लाचं जे घडणं घरट्यात होतं, त्यातलं बरंचसं टिटवीच्या पिल्लाला कवचाच्या आतच उरकावं लागतं. अंडं म्हणजे पिल्लाच्या पहिल्या प्रवासासाठी बांधून दिलेली शिदोरी. ती किती मोठी हवी हे बांधणारीच्या अंगावर थोडंफार अवलंबून असतं, पण त्याहून जास्त अवलंबून असतं प्रवास किती लांबचा आहे आणि मुक्कामावर कोणी वाढायला आहे का, यावर.

ही शिदोरी बांधतात कशी ते कोंबडीवरून समजून घेऊ, कारण सगळ्यांत बारकाईने अभ्यास तिचाच झालेला आहे. बलकाचा माल यकृतात तयार होतो. प्रथिनं आणि चरबी तिथून रक्तावाटे अंडाशयात येतात आणि शेवटच्या सात-दहा दिवसांत बलक भराभर फुगतो. मग तो सुटून अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात पडतो. फलन व्हायचं तर तिथेच, पहिल्या पाव-अर्ध्या तासात. पुढच्या सुमारे तीन तासांत त्याभोवती पांढऱ्याचे थर चढतात, तासाभराहून थोड्या अधिक वेळात दोन पातळ पापुद्रे येतात, आणि मग कवच. कवचाला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, जवळजवळ २० तास. त्यात पाच-सहा ग्रॅम माल जातो, बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यातला काही भाग कोंबडी आपल्या हाडांतून काढून देते. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर येईपर्यंत २४ ते २६ तास.

एकदा कवच बंद झालं की आईला पदरचं आणखी काही घालता येत नाही. यापुढे बाहेरून आत जातात त्या दोनच गोष्टी: ऊब आणि प्राणवायू. ६० ग्रॅमच्या कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला साधारण १०,००० सूक्ष्म छिद्रं असतात. २१ दिवसांत त्यांतून सुमारे सहा लिटर प्राणवायू आत जातो, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पाण्याची वाफही निघून जाते. सगळा हिशेब जमवला तर अंडं उबवणीच्या काळात सुमारे १५ टक्क्यांनी हलकं होतं. आतलं पिल्लू वाढत असतं, अंडं मात्र दिवसागणिक घटत असतं. म्हणून लांब मुदतीच्या अंड्याला नुसता जास्त माल भरून भागत नाही. छिद्रांचा हिशेबही त्या मुदतीला जुळवावा लागतो, नाहीतर पिल्लू आतच वाळून जाईल.

मालातही फरक असतो. चिमणी, साळुंकी, बुलबुल यांच्यासारख्या, उघडी-आंधळी पिल्लं काढणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्यात बलक साधारण २० ते २५ टक्के. टिटवी, बदक, मोर यांच्यासारख्यांच्या अंड्यात तो ४० टक्क्यांच्या आसपास जातो. चरबी बलकात, म्हणून खरी ऊर्जाही बलकात.

आता अंगाचा नियम. मोठा पक्षी मोठं अंडं घालतो, पण त्याच प्रमाणात नाही. पक्षी दहापट जड झाला तर अंडं साधारण पाच-सहापटच जड होतं. त्यामुळे शहामृगाचं सुमारे १.४ किलोचं अंडं जगातलं सर्वांत मोठं असलं, तरी आईच्या वजनाच्या दीडेक टक्काच भरतं. उलट वेस्ट इंडिजमधल्या व्हर्वेन हमिंगबर्डचं अंडं अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी, पण आईच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या वर. हा नियम बाजूला काढल्यावर जे उरतं तेच खरं गमतीचं. उत्तर अटलांटिकच्या समुद्रकड्यांवरचा गिलमॉट आणि डोमकावळ्याचा थोरला भाऊबंद रेव्हन, दोघेही किलोभर वजनाचे. रेव्हनचं अंडं ३० ग्रॅमच्या आसपास, गिलमॉटचं ११० ग्रॅमच्या. रेव्हन चार-सहा अंडी घालतो आणि पिल्लांना महिनाभराहून अधिक काळ घरट्यात पोसतो. गिलमॉट कड्याच्या उघड्या कपारीवर एकच अंडं घालतो. त्याचं पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की, अजून धड उडता येत नसताना, कड्यावरून खाली समुद्रात झेपावतं आणि बापाच्या मागे पोहत निघून जातं. एवढ्या लवकर थंड पाण्यात जायचं तर जन्मतानाच तयारी हवी.

या टोकाच्याही पलीकडे न्यूझीलंडचा किवी आहे. मादी अडीच-तीन किलोची आणि अंडं चारशे ग्रॅमच्या वर, म्हणजे तिच्या वजनाच्या १५ ते २० टक्के. त्यात बलक सुमारे ६५ टक्के. अंडं घालण्याआधीचा किवीच्या मादीचा क्ष-किरण फोटो पाहिला तर पोटात दुसरं काही मावायला जागा आहे का, असा प्रश्न पडतो. पिल्लू फुटतं ते अडीच महिन्यांहून अधिक उबवणीनंतर, आणि पहिले काही दिवस पोटातल्या उरलेल्या बलकावरच काढतं. उत्क्रांतीचे अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांनी १९८० च्या दशकात यावर एक झकास तर्क मांडला होता: किवीचे पूर्वज मोआ या नामशेष महाकाय पक्ष्यासारखे थोराड असावेत, अंग लहान होत गेलं आणि अंडं मात्र मागे राहिलं. तर्क वाचायला इतका छान की तो खरा ठरावा असं वाटतं. पण २०१४ मध्ये जुन्या हाडांतल्या डीएनएवरून असं दिसलं की किवीचा सर्वांत जवळचा नातलग मोआ नसून मादागास्करचा नामशेष हत्तीपक्षी आहे. दोघांचा समाईक पूर्वज उडणारा, म्हणजे फार मोठा नसलेला असणार. मग अंडं 'मागे राहिलं' हे पटत नाही. ते मोठं होत गेलं असंच मानावं लागतं, आईबापांनी न भरवता स्वतःचं पोट भरणाऱ्या पिल्लासाठी.

असाच प्रकार आपल्या देशात निकोबार बेटांवर आहे. तिथला मेगापोड पक्षी अंड्यावर बसतच नाही. किनाऱ्यालगतच्या झाडीत वाळू, पालापाचोळा आणि प्रवाळाचे तुकडे ओढून तो ढीग रचतो, त्यात अंडं पुरतो, आणि उबवायचं काम ऊन आणि कुजणारा पाला करतात. दोन महिन्यांहून अधिक काळाने पिल्लू स्वतः उकरून वर येतं आणि झाडीत निघून जातं. आईबापांची गाठही पडत नाही. अंडं अर्थातच अंगाच्या मानाने प्रचंड. २००४ च्या त्सुनामीत किनाऱ्यावरचे हे ढीग मोठ्या प्रमाणात वाहून गेले होते.

इथपर्यंतचा हिशेब पिल्लाच्या जातकुळीचा झाला. पण घरट्यात आंधळी पिल्लं काढणाऱ्या, एकमेकांसारख्याच असलेल्या, गाणाऱ्या पक्ष्यांतही अंड्यांचा आकार प्रदेशानुसार बदलतो. युरोपातली इवलीशी ब्लू टिट एका विणीत दहाच्या आसपास अंडी घालते. आपला लालबुड्या बुलबुल दोन-तीन. उष्ण कटिबंधात अंडी कमी आणि अंगाच्या मानाने मोठी, समशीतोष्ण पट्ट्यात जास्त आणि लहान, हे पक्षीशास्त्रातलं जुनं निरीक्षण. इंग्लंडच्या डेव्हिड लॅक यांनी १९४७ पासून अंड्यांच्या संख्येचा विचार आईबाप किती तोंडांना भरवू शकतील या अंगाने मांडला. १९७४ मध्ये स्मिथ आणि फ्रेटवेल यांनी याला गणिताची चौकट दिली: आईकडचा माल ठरलेला, तो थोड्यांत वाटला तर प्रत्येकाला जास्त, अनेकांत वाटला तर प्रत्येकाला कमी. उष्ण प्रदेशातले पक्षी जास्त वर्षं जगतात, दरवेळी थोडकीच पण दणकट पिल्लं काढतात, म्हणून अंडी मोठी. चित्र नीट बसलं होतं.

मोंटाना विद्यापीठाच्या थॉमस मार्टिन यांनी २००८ मध्ये त्यात एक टाचणी टोचली. संख्येवरूनच आकार ठरत असेल तर दोनच अंडी घालणाऱ्या सगळ्या जातींची अंडी अंगाच्या मानाने सारखी निघायला हवीत. तशी ती निघेनात. एकाच जंगलात, दोनच अंडी घालणाऱ्या दोन जातींत एकीचं अंडं बरंच मोठं, दुसरीचं लहान. मार्टिन यांच्याकडे तीन ठिकाणची माहिती होती: व्हेनेझुएलातल्या डोंगराळ, ढगांनी वेढलेल्या जंगलातल्या ३६ जाती, अर्जेंटिनाच्या उपोष्ण भागातल्या १६ आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या उंचावरच्या जंगलातल्या २० जाती. कॅमेरे लावून आई किती वेळ घरट्यात बसते ते पाहिलं गेलं, आणि अंड्याला बारीक भोक पाडून, आत तापमान मोजणारी तार सरकवून, आतल्या उबेची नोंद घेतली गेली.

इथे उबवणीचं तंत्र कळायला हवं. पक्ष्याचा भ्रूण ३६ ते ३८ अंश सेल्सियसला सर्वांत जोमाने वाढतो. पंचविशीच्या खाली वाढ जवळपास थांबते, आणि चाळिशी ओलांडून थोडं वर गेलं तर जीवच धोक्यात. मधल्या पट्ट्यात अंडं जितकं थंड तितकी वाढ संथ. बहुतेक छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांत उबवायचं काम एकट्या मादीचं असतं, आणि तिला दिवसातून अनेकदा स्वतःच्या पोटासाठी उठावं लागतं. ती उठली की अंडं निवतं, परत आली की तापतं. दिवसभराची सरासरी तिच्या बसण्याच्या वेळेवर ठरते.

मार्टिन यांना जे दिसलं ते थोडक्यात असं: ज्या जातींची अंडी सरासरीने थंड राहतात आणि उबवणीचा काळ लांब असतो, त्यांचीच अंडी अंगाच्या मानाने मोठी. वेगवेगळ्या खंडांतही आणि एकाच जंगलातही हा संबंध टिकला. कारण पटण्यासारखं आहे. थंड अंड्यातल्या भ्रूणाचा रोजचा खर्च कमी असतो हे खरं, पण दिवस त्याहून जास्त वाढतात. वाढ संथ झाली म्हणून जिवंत राहण्याचा खर्च थांबत नाही. सगळी बेरीज केली तर थंड अंड्याचा एकूण खर्च जास्त निघतो, आणि तो खर्च आईला आधीच, कवच बंद होण्यापूर्वी भरून ठेवावा लागतो.

मला या कामातली सर्वांत चकित करणारी गोष्ट ही वाटते की उष्ण प्रदेशातली अंडी पुष्कळदा थंड प्रदेशातल्या अंड्यांपेक्षा थंड असतात. हवा उबदार, म्हणून अंडं उबदार, हा आपला समज सरळ खोटा पडतो. अंड्याचं हवामान बाहेरच्या हवेपेक्षा आईच्या वागण्याने जास्त ठरतं. ॲरिझोनातली मादी थंडीत दिवसाचा बहुतेक वेळ अंड्यांवर बसून असते. काही ठिकाणी नर तिला घरट्यावर अन्न आणून भरवतो. उष्ण प्रदेशातल्या कित्येक माद्या बराच वेळ बाहेर असतात. का? एक उत्तर असं की जिला अजून बरीच वर्षं विणीची मिळणार आहेत ती एका घरट्यापायी आपला जीव पणाला लावत नाही. पक्षीशास्त्रज्ञ अलेक्झांडर स्कच यांनी १९४९ मध्येच सुचवलं होतं की घरट्यापाशी जितकी ये-जा तितकं साप आणि इतर शत्रूंचं लक्ष जास्त. ही कारणं कुठे किती लागू पडतात यावर वाद आहेतच. आणि एक प्रश्न मार्टिन यांच्या आकड्यांतूनही सुटत नाही असं मला वाटतं: आई कमी बसते म्हणून अंडं मोठं झालं, की अंडं मोठं आहे म्हणून आईला उठायची मोकळीक मिळाली? मोठं अंडं सावकाश निवतं, हे साधं भौतिकशास्त्र आहे. बहुधा दोन्ही गोष्टी हातात हात घालून आल्या असाव्यात.

आपल्या टिटवीपुढचा प्रश्न याच्या अगदी उलटा. मे महिन्यातल्या विदर्भातल्या माळावर तिला अंडं तापवायचं नसतं, ते वाचवायचं असतं. दुपारी ती अंड्यांवर बसण्याऐवजी उभी राहून सावली धरते. जवळ पाणी असेल तर पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी ओलावते. इथेही मोठं अंडं सावकाश तापतं, तेवढी सवड तिला मिळते.

मदतनीस मिळाले तर हिशेब पुन्हा बदलतो. ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरी-रेन या निळ्या चिमुकल्या पक्ष्यात आधीच्या विणीतली पिल्लं पुढच्या पिल्लांना भरवायला मदत करतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्या मादीच्या घरी मदतनीस आहेत ती अंडी सुमारे ५ टक्के लहान घालते आणि त्यात बलकही कमी असतो. मदतनिसांच्या जादा भरवण्याने पिल्लांची कमतरता भरून निघते, आणि वाचवलेल्या ताकदीवर आई पुढच्या वर्षी जगण्याची शक्यता वाढते. कोकिळेने तर सगळंच काम कावळ्यावर टाकलं आहे. तिचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान आणि फुटतंही आधी. कावळीला उबवायला साधारण १६-१७ दिवस लागतात, कोकिळेच्या पिल्लाला १२ ते १४ पुरतात. पहिल्यांदा तोंड वासणाऱ्याला पहिला घास, म्हणून इथे छोटी शिदोरी आणि आखूड प्रवास हाच फायद्याचा सौदा.

एकाच जातीत, एकाच गावातही फरक मोठा असतो. एका वस्तीतल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या अंड्यात निदान दीडपटीचा फरक सर्रास आढळतो, कधी दुपटीचाही. सुबत्ता आली की अंडी मोठी होत असतील असं वाटतं, पण रानातल्या पक्ष्यांना जादा चारा घातला तरी अंड्याचं वजन जेमतेम थोडंच बदलतं. प्रत्येक मादीचा आपला एक आकार असतो, तो बराचसा आनुवंशिक असतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. पोल्ट्रीवाल्यांना मात्र उलटा अनुभव माहीत असतो: उन्हाळा कडक झाला की कोंबड्या खातात कमी, अंडी लहान होतात, आणि धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरून कवचही पातळ पडतं. तिथे कोंबडी जवळजवळ रोज अंडं देते, हाताशी साठा काही उरत नाही, म्हणून हवेचा फटका थेट अंड्यावर बसतो.

रानातलं असंच एक उदाहरण दक्षिण महासागरातल्या मॅकरोनी पेंग्विनचं आहे. मादी दोन अंडी घालते आणि दुसरं पहिल्याच्या दीडपटीहून जड असतं. बहुतेक पक्ष्यांत एका विणीतली अंडी सारखीच निघतात, मग इथे असं का? दक्षिण जॉर्जियाजवळच्या बर्ड आयलंडवरच्या अभ्यासातून २०१० मध्ये एक कारण पुढे आलं. पहिल्या अंड्याचा बलक भरू लागतो तेव्हा मादी अजून समुद्रात, बेटाकडे पोहत असते. एकाच वेळी शेकडो मैल पोहायचं आणि बलक भरायचा, दोन्ही नीट जमत नाही. बेटावर येऊन लगेच अंडी घालणाऱ्या माद्यांचं पहिलं अंडं दुसऱ्याच्या मानाने आणखीच लहान निघालं. ज्या थोड्या निवांत झाल्या त्यांच्या दोन अंड्यांत फरक कमी. ते पहिलं अंडं सहसा काही दिवसांतच हरवतं किंवा आईच ते बाजूला सारते, आणि पिल्लू निघतं ते दुसऱ्यातूनच. मग पहिलं घालायचंच कशाला, यावर पेंग्विन अभ्यासणाऱ्यांत अजून एकमत झालेलं नाही.